रॉथसी : सुट्टीने वसविलेले गाव

समुद्रकाठची विश्रांतिस्थाने निसर्गच निर्माण करतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. निळे पाणी, मागे डोंगर, मोकळी हवा आणि किनाऱ्यावर बसावयास जागा एवढे असले की माणसे आपोआप तेथे जमतात, असे आपण गृहीत धरतो. हे खरे आहे. परंतु ते पुरेसे नाही. समुद्र आणि डोंगर हजारो वर्षे जागच्या जागी असतात. माणसे विश्रांतीसाठी तेथे येतात ती मात्र त्यांच्या हाताला काही दिवस काम नसते तेव्हा, आणि प्रवासाचा खर्च त्यांच्या खिशाला झेपतो तेव्हा. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील रॉथसी या लहानशा गावाचा इतिहास ही गोष्ट फार स्पष्टपणे शिकवितो. म्हणून आज त्या गावाची ओळख आपणांस करून द्यावी असे योजिले आहे.

क्लाइड ही स्कॉटलंडमधील मोठी नदी. ग्लासगो शहरातून वाहत ती पश्चिमेकडे जाते आणि हळूहळू रुंद होत समुद्राला मिळते. तिच्या या विस्तीर्ण खाडीमुखात जी बेटे आहेत त्यांपैकी एक ब्यूट. लांबी सुमारे चोवीस किलोमीटर. रुंदी त्या मानाने थोडी. उत्तरेकडे दोन अरुंद सामुद्रधुन्या बेटाला मुख्य भूमीपासून वेगळे करतात. त्यांतील एका ठिकाणी पाणी इतके चिंचोळे आहे की नावेतून पलीकडे जाण्यास पाच मिनिटे पुरतात, आणि पूर्वी गुरे तेथून पोहूनच पलीकडे नेत असत. स्कॉटलंडचा डोंगराळ उत्तर प्रदेश आणि सखल दक्षिण प्रदेश यांना विभागणारी भूस्तरातील मोठी भेग या बेटाच्या मधूनच जाते. त्यामुळे बेटाचा उत्तर भाग उंच व ओसाड, तर दक्षिण भाग सखल, हिरवा आणि शेतीचा आहे. बेटाची एकंदर लोकवस्ती आज सुमारे सहा हजार. तीतील बहुतेक पूर्व किनाऱ्यावरील अर्धवर्तुळाकार उपसागराभोवती वसलेल्या रॉथसी गावात राहते.

अटलांटिक महासागरातून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे येथील हवा त्या अक्षांशाच्या मानाने सौम्य आहे. पावसाला तोटा नाही, पण कडाक्याची थंडी क्वचित. किनाऱ्यावरील बागांतून ताडमाडांसारखी दिसणारी झाडे वाढतात. एकोणिसाव्या शतकात लोक या गावाला कौतुकाने 'स्कॉटलंडचे मदेरा' म्हणू लागले. पोर्तुगीज दर्यावर्दींच्या वाटेवरील मदेरा बेटाचे नाव गोव्यातील श्रोत्यांना नवे नाही. ही तुलना थोडी उदारपणाची होती हे उघड आहे. परंतु धुराने भरलेल्या शहरातून आलेल्या माणसाला ती खरी वाटली असल्यास नवल नाही.

या बेटावर विश्रांतीसाठी आलेले पहिले पाहुणे गिरणीकामगार नव्हते. ते संन्यस्त होते. सहाव्या शतकात संत ब्लेन यांचा मठ बेटाच्या दक्षिण टोकाजवळ होता. एका वृक्षाच्छादित खळग्यात बाराव्या शतकातील देवळाचे अवशेष, जुनी दफनभूमी आणि मठाच्या आवाराची भिंत आजही पाहावयास मिळते. स्कॉटलंडच्या मध्यभागातील डनब्लेन या नगराला याच संताचे नाव मिळाले आहे. एकांत, शांतता आणि समुद्राचा आवाज यांची ओढ माणसाला किती पूर्वीपासून आहे, हे त्या पडक्या भिंती सांगतात.

पाण्याच्या वाटेने संत आले, तसे शत्रूही आले. रॉथसीच्या ऐन मध्यभागी एक किल्ला आहे. भोवती पाण्याने भरलेला खंदक आणि आत वर्तुळाकार तट अशी त्याची रचना असून, अशा गोल तटाचा दुसरा किल्ला स्कॉटलंडमध्ये नाही. तेराव्या शतकाच्या आरंभी तो बांधलेला होता. त्या काळी पश्चिमेकडील बेटांवर नॉर्वेच्या राजाचा हक्क होता. १२३० मध्ये नॉर्वेच्या सैन्याने या किल्ल्याला वेढा घातला. त्या राजाच्या बखरीत या लढाईचे वर्णन आले आहे. हल्लेखोरांनी डोक्यावर ढाली धरून तटाचा मऊ दगड कुऱ्हाडींनी फोडला, आणि वरून किल्लेकऱ्यांनी त्यांच्यावर उकळते डांबर ओतले. तरीही अखेर किल्ला पडला. पुढे १२६३ मध्ये नॉर्वेचा राजा हाकोन स्वतः मोठे आरमार घेऊन क्लाइडच्या खाडीत आला. समोरच्या किनाऱ्यावरील लार्ग्ज येथे चकमक झाली, वादळाने गलबतांची दैना केली, आणि परतीच्या वाटेवर त्याच वर्षी राजा मरण पावला. १२६६ च्या पर्थच्या तहाने पश्चिमेकडील बेटे स्कॉटलंडकडे आली.

हा किल्ला ज्या घराण्याचा होता ते पुढे स्कॉटलंडच्या सिंहासनावर बसले. राजाचा वंशपरंपरागत कारभारी या हुद्द्यावरून त्यांचे 'स्ट्यूअर्ट' हे नाव पडले; आपल्याकडे फडणीस, चिटणीस हे हुद्दे जसे आडनावे झाले, तसाच हा प्रकार. या घराण्यातील आरंभीच्या राजांना रॉथसी प्रिय होते. १३९८ मध्ये राजपुत्र डेव्हिड याला 'रॉथसीचा ड्यूक' ही पदवी मिळाली. ही पदवी आजतागायत चालू असून ब्रिटनच्या राजगादीचा वारस स्कॉटलंडमध्ये याच नावाने ओळखला जातो. १४०१ मध्ये गावाला राजाची सनद मिळाली. तथापि सनदेने प्रतिष्ठा मिळते, भरभराट मिळतेच असे नाही. सतराव्या शतकातील यादवीत किल्ल्याची मोडतोड झाली आणि १६८५ मध्ये तो जाळण्यात आला. त्यानंतर गाव मासेमारीवर आणि थोड्याफार व्यापारावर दिवस काढीत राहिले.

गावाच्या जीवनात पहिला मोठा बदल घडविला तो सुताच्या गिरणीने. १७७९ च्या सुमारास येथे सुरू झालेली गिरणी स्कॉटलंडमधील अगदी पहिल्या सूतगिरण्यांपैकी एक होती. ती पाण्याच्या शक्तीवर चालत असे. बेटावर मोठी नदी नाही. म्हणून रॉबर्ट थॉम नावाच्या कल्पक अभियंत्याने डोंगरउतारांवरून पाट खणून दूरदूरचे पावसाचे पाणी फॅड नावाच्या तळ्यात आणले आणि तेथून ते गिरण्यांना पुरविले. याच अनुभवाच्या बळावर पुढे त्याने समोरच्या किनाऱ्यावरील ग्रीनॉक शहराची प्रसिद्ध पाणीयोजना उभारली. ती १८२७ मध्ये पुरी झाली. रॉथसीचा सूतधंदा मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओसरला. पण त्याच्या आधीच गावाला दुसरा, अधिक मोठा धंदा सापडला होता. तो म्हणजे दुसऱ्यांची सुट्टी.

१८१२ मध्ये हेन्री बेल या गृहस्थाने 'कॉमेट' नावाची आगबोट क्लाइड नदीवर सुरू केली. यशस्वी रीतीने उतारूंची ने-आण करणारी युरोपातील ही पहिली आगबोट. गंमत अशी की, बेल हा स्वतः नदीकाठच्या हेलन्सबर्ग या गावी स्नानगृहांसह विश्रांतिगृह चालवीत असे, आणि तेथे पाहुणे यावेत हा बोट काढण्यामागे त्याचा एक हेतू होता. म्हणजे क्लाइडवरील आगबोट आणि क्लाइडकाठची सुट्टी ही भावंडेच म्हणावयाची. शिडाच्या होडीला वाऱ्याची वाट पाहावी लागे. आगबोट ठरल्या वेळी निघू आणि ठरल्या वेळी पोहोचू लागली. रॉथसी ग्लासगोपासून एका दिवसात जाऊन येण्याच्या टप्प्यात आले.

याच सुमारास ग्लासगो शहर अफाट वाढत होते. १८०१ मध्ये त्याची लोकसंख्या सुमारे ७७,००० होती. १९०१ मध्ये ती साडेसात लाखांच्या वर गेली. गिरण्या, ओतशाळा, जहाजबांधणीचे कारखाने यांत राबणारी ही माणसे उंच दगडी चाळींतून राहत. एका खोलीत सारे कुटुंब, हा तेथील नेहमीचा प्रकार होता. अशा शहराला मोकळ्या हवेची भूक लागावी हे स्वाभाविकच होते.

ग्लासगोमध्ये बाराव्या शतकापासून दरवर्षी जुलै महिन्यात जत्रा भरत असे. कारखान्यांच्या युगात जत्रेचे स्वरूप पालटले. पण जत्रेचे दिवस टिकून राहिले. त्या दिवसांत कारखाने बंद ठेवण्याची प्रथा पडली आणि शहराची वार्षिक सुट्टी तीच झाली. जुलैच्या उत्तरार्धात यंत्रे थांबत, धुराडी थंड होत आणि शहर जणू एका दिवसात रिकामे होई. ट्रंका, वळकट्या, मुलेबाळे घेऊन लोक धक्क्याकडे धाव घेत. या प्रवासाला ग्लासगोच्या बोलीत 'दून द वॉटर' म्हणजे 'पाण्याच्या वाटेने खाली' असे साधे नाव पडले. खाली कोठे, हे सांगण्याची गरज नसे. बहुतेकांच्या मनात एकच धक्का असे, तो रॉथसीचा.

या सुट्टीविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ती बहुधा बिनपगारी होती. कारखाना बंद, तेव्हा मजुरीही बंद. आठवड्याच्या तुटपुंज्या मिळकतीतून वर्षभर थोडे थोडे बाजूस टाकून, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भिशीत पैसे भरून, गृहिणी ही सुट्टी उभी करीत असे. खाणावळीचा खर्च टाळण्यासाठी पीठ, साखर, चहा, मुरंबा असे सामान पेटीत भरून बरोबर नेण्याचा प्रघात होता. रॉथसीला पोहोचल्यावर एक खोली भाड्याने घ्यावयाची, तीत सात-आठ माणसांनी झोपावयाचे आणि दिवसभर किनाऱ्यावर राहावयाचे. खोली देणारे कुटुंबही श्रीमंत नसे. पुढील खोल्या पाहुण्यांना देऊन ते स्वतः मागल्या बाजूस अडचणीत राही, आणि त्या थोड्या आठवड्यांच्या भाड्यावर वर्षाचा पुष्कळसा भार निभावून नेई. अशा रीतीने शहरातील गरिबाची सुट्टी आणि गावातील गरिबाचा संसार एकमेकांत गुंतले होते. रॉथसीच्या इतिहासातील ही गाठ मला तेथील किल्ल्याइतकीच महत्त्वाची वाटते.

गावाच्या पाठीमागे एक टेकडी आहे. तिला 'कॅनडा हिल' म्हणतात. क्लाइडमधून कॅनडा-अमेरिकेकडे निघालेल्या जहाजांतून आपली माणसे कायमची देशांतराला जात, तेव्हा त्यांचे नातलग या टेकडीवर चढून जहाज दिसेनासे होईपर्यंत पाहत उभे राहत, असे सांगतात. त्याच पाण्यावर एकीकडे पंधरा दिवसांच्या सुट्टीचे उतारू हसत-गात येत होते आणि दुसरीकडे जन्माचा निरोप घेऊन माणसे दूर जात होती.

आगबोटींच्या जोडीला आगगाडी आली. १८६५ मध्ये ग्लासगोकडून समोरच्या किनाऱ्यावरील वीम्स बे येथपर्यंत लोहमार्ग पोहोचला. तेथे गाडीतून उतरावे आणि लगोलग बोटीत चढावे, अशी सोय झाली. प्रतिस्पर्धी रेल्वे कंपन्या आपापले बंदर आणि आपापल्या बोटी घेऊन या व्यवसायात उतरल्या. कोणाची बोट रॉथसीच्या धक्क्याला आधी लागते, यासाठी कप्तानांत शर्यती लागत. वीम्स बेचे स्थानक १९०३ मध्ये नव्याने बांधण्यात आले. त्याचे गोलाकार काचेचे छत आणि धक्क्याकडे वळत उतरणारा झाकलेला रुंद मार्ग आजही पाहणाऱ्याला थक्क करतो. हजारो माणसांचा लोंढा कोठे न अडखळता वाहत जावा, म्हणून हे वळण दिलेले आहे. सौंदर्य आणि उपयोग यांची अशी सांगड वास्तुशिल्पी जेम्स मिलर यांनी घातली.

गावही पाहुण्यांसाठी नटू लागले. १८४३ मध्ये ग्लेनबर्न येथे जलोपचारगृह निघाले. तेथे सधन लोक थंड पाण्याचे उपचार घेण्यास येत. १८७७ मध्ये मत्स्यालय उघडले. १८८२ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली. १९०२ मध्ये ती विजेवर चालू लागली आणि १९०५ मध्ये बेट ओलांडून पश्चिमेकडील एट्रिक उपसागराच्या वाळूपर्यंत गेली. स्कॉटलंडच्या कोणत्याही दुसऱ्या बेटावर ट्राम नव्हती. १९३६ मध्ये मोटार-बसच्या स्पर्धेपुढे ती बंद पडली. १९२४ मध्ये ग्लासगोच्या प्रसिद्ध ओतशाळेत घडविलेल्या बिडाच्या भागांतून किनाऱ्यावर 'विंटर गार्डन' नावाचे घुमटाकार नाट्यगृह उभे राहिले. पाऊस कोसळत असला तरी आत गाणी आणि विनोदी प्रवेश चालू राहत. स्कॉटलंडमध्ये ही सोय किती अगत्याची, हे सांगावयास नको.

रॉथसीच्या धक्क्यावरील एका वास्तूचा उल्लेख येथे संकोच सोडून केला पाहिजे. १८९९ मध्ये बंदराच्या विश्वस्तांनी उतारू पुरुषांसाठी एक सार्वजनिक मुतारी बांधली. हिरवट-काळ्या संगमरवरासारखी पात्रे, चकचकीत तांब्याच्या नळ्या, काचेच्या टाक्या, रंगीत फरश्यांची नक्षी असा तिचा थाट आहे. १९९४ मध्ये तिची काळजीपूर्वक दुरुस्ती झाली आणि आज प्रवासी ती मुद्दाम पाहावयास जातात. प्रथमदर्शनी हसू येते. पण थोडा विचार केला म्हणजे हसू मावळते. दाटीवाटीच्या चाळींतून, सामाईक संडासाच्या रांगेतून आलेल्या कामगाराला या गावाने बोटीतून उतरताक्षणीच अशी स्वच्छ, सुंदर जागा दिली. पाहुण्याचा मान राखण्याची ही एक रीतच होती. त्या मानात स्त्रियांचा वाटा नव्हता, ही त्या काळाची उणीवही येथेच नोंदविली पाहिजे.

गावापासून सुमारे आठ किलोमीटर दक्षिणेस 'माउंट स्ट्यूअर्ट' नावाचा प्रासाद आहे. तो ब्यूटच्या सरदारांचा. जुना वाडा १८७७ मध्ये आगीत जळाला आणि तिसरे मार्क्वेस जॉन पॅट्रिक क्रिक्टन-स्ट्यूअर्ट यांनी रॉबर्ट रोवँड अँडरसन या वास्तुशिल्पज्ञाकडून त्या जागी तांबड्या दगडाचा भव्य प्रासाद उभारविला. हे गृहस्थ अवघ्या सहा महिन्यांचे असताना पित्याच्या मृत्यूमुळे सरदार झाले. वेल्समधील कार्डिफची गोदी आणि कोळसा यांमुळे त्यांची संपत्ती अगणित होती. १८६८ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्यांनी कॅथलिक धर्मश्रद्धेचा स्वीकार केला. त्या वेळच्या ब्रिटिश समाजात ही खळबळजनक घटना ठरली, आणि डिझरायली यांनी १८७० च्या आपल्या 'लोथेर' या कादंबरीचा नायक त्यांच्यावरूनच बेतला. परंतु हा माणूस केवळ चर्चेचा विषय नव्हता. तो मोठा अभ्यासक होता. धर्मगुरूंच्या दैनिक प्रार्थनेच्या लॅटिन ग्रंथाचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८७९ मध्ये प्रसिद्ध झाले. रॉथसीच्या पडक्या किल्ल्याची दुरुस्तीही त्यांनी करविली.

प्रासादातील संगमरवरी दालनाच्या छतावर आकाशातील नक्षत्रे रेखाटली आहेत. शेजारचे प्रार्थनामंदिर शुभ्र संगमरवराचे आहे; पण वरच्या झरोक्यांना लाल काचा असल्यामुळे उन्हाच्या वेळी त्या शुभ्रतेवर रक्तवर्णी प्रकाश पसरतो. ज्यांना प्रभूच्या दुःखसहनाचे मनन ठाऊक आहे, त्यांना त्या प्रकाशाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. १९०० मध्ये मार्क्वेस वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे हृदय यरुशलेमला नेऊन जैतुनांच्या डोंगरावर पुरण्यात आले आणि देह ब्यूटच्या किनाऱ्यावर विसावला. पहिल्या महायुद्धात या प्रासादाचे आरमारी रुग्णालय झाले होते. १९९५ पासून तो सर्वांस पाहण्यासाठी खुला झाला, आणि २०१६ मध्ये त्याच्या ग्रंथालयात शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ मधील पहिल्या संग्रहाची एक प्रत असल्याचे विद्वानांनी सिद्ध केले. एकाच बेटावर एका टोकाला सात-आठ जणांची भाड्याची खोली आणि दुसऱ्या टोकाला हा प्रासाद! इतिहास शिकताना दोन्ही पाहिली पाहिजेत. एकच पाहून येणाऱ्याला बेट अर्धेच कळते.

आता पुन्हा सुट्टीकडे वळू. कामगार संघटनांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर १९३८ मध्ये ब्रिटनच्या संसदेने भरपगारी रजेचा कायदा केला. त्यामुळे वर्षातून आठवडाभर सुट्टी आणि त्या सुट्टीचा पगार, हा हक्क लाखो कामगारांच्या आवाक्यात आला. योगायोग असा की, त्याच १९३८ मध्ये रॉथसीच्या किनाऱ्यावर 'पॅव्हिलियन' ही नव्या धाटणीची इमारत उघडली. जेम्स कॅरिक या तरुण वास्तुशिल्पज्ञाने काँक्रीट, पोलाद आणि काच यांतून साधलेली तिची अर्धगोल दर्शनी बाजू समुद्रावर झुकलेल्या जहाजाच्या सज्जासारखी दिसते. आत नृत्य आणि गायन यांसाठी मोठे दालन. सुट्टीचा सुवर्णकाळ आता येणार, अशा विश्वासाने गावाने ही इमारत बांधली होती.

परंतु दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटले. सुट्टीच्या बोटींना युद्धाची कामे लागली. क्लाइडवरील 'वेव्हर्ली' ही चाकाची आगबोट १९४० मध्ये डंकर्कहून सैनिकांना परत आणताना बाँबवर्षावात बुडाली. रॉथसीच्या उपसागरात पाणबुड्यांचा तळ आला. शेजारच्या पोर्ट बॅनटाइन येथील जलोपचारगृह आरमाराने ताब्यात घेतले आणि तेथे अगदी लहान, चार माणसांच्या पाणबुड्यांच्या नाविकांना शिक्षण दिले. सप्टेंबर १९४३ मध्ये नॉर्वेच्या खाडीत शिरून 'टिरपिट्झ' या जर्मन युद्धनौकेला ज्यांनी निकामी केले, ते वीर याच पाण्यात तयार झाले होते. सातशे वर्षांपूर्वी नॉर्वेकडून गलबते रॉथसीवर चालून आली होती. या वेळी प्रवास उलट दिशेने झाला.

युद्ध संपल्यावर भरपगारी रजेचा लाभ खऱ्या अर्थाने सुरू झाला. १९४५ नंतरची दहा-पंधरा वर्षे रॉथसीचे किनारे पुन्हा फुलून गेले. १९५४ मध्ये मोटारी वाहून नेणारी बोट सुरू झाली. पण ज्या भरपगारी रजेने रॉथसी भरले, त्याच रजेने पुढे ते रिकामेही केले. १९६० नंतर स्पेनच्या उबदार किनाऱ्यावर विमानाने नेऊन आणणाऱ्या स्वस्त सहली निघाल्या. पंधरा दिवसांत बारा दिवस पाऊस पाहिलेल्या ग्लासगोकर कुटुंबाला हमखास ऊन मिळू लागले. त्यांना दोष कोण देणार? त्यांच्या आजीने पैसा पैसा जमवून जी सुट्टी मिळविली होती, तीच त्यांनी आणखी दूर नेली एवढेच. मात्र भाड्याच्या खोल्या ओस पडल्या, बोटींच्या फेऱ्या घटल्या, दुकानांची दारे बंद झाली. जे गाव दुसऱ्यांच्या फुरसतीवर जगते, त्याचे भाग्य दुसऱ्यांच्याच हाती असते. गावाचा काही दोष नसताना, समुद्र आणि डोंगर जसेच्या तसे असताना, त्याची भरभराट ओसरू शकते. पर्यटनावर विसंबणाऱ्या प्रत्येक गावाने हा धडा ध्यानी धरावा.

तथापि रॉथसीची कथा येथे संपत नाही. बुडालेल्या बोटीच्या जागी त्याच नावाची नवी 'वेव्हर्ली' १९४७ मध्ये क्लाइडवर आली होती. १९७३ मध्ये ती सेवेतून निवृत्त झाली आणि १९७४ मध्ये जुन्या चाकाच्या आगबोटींचे जतन करणाऱ्या एका संस्थेला केवळ एक पौंड किमतीस देण्यात आली. लोकांनी वर्गणी जमवून ती दुरुस्त केली आणि १९७५ पासून ती पुन्हा उतारू नेऊ लागली. समुद्रावर उतारू घेऊन जाणारी ती जगातील अखेरची चाकाची आगबोट होय. उन्हाळ्यात ती रॉथसीच्या धक्क्याला लागते, तेव्हा यंत्रघराच्या कठड्याशी उभे राहून फिरणारे पोलादी दांडे पाहण्यासाठी मुलांप्रमाणे वृद्धही गर्दी करतात. विंटर गार्डनही उपेक्षेत पडले होते. त्याचाही जीर्णोद्धार झाला. पॅव्हिलियनच्या दुरुस्तीचे मोठे काम अलीकडच्या वर्षांत हाती घेण्यात आले.

आज वीम्स बेहून निघालेली बोट सुमारे पस्तीस मिनिटांत रॉथसीला पोहोचविते. किल्ला, किनाऱ्यावरील बागा, ॲस्कॉग येथील व्हिक्टोरियाच्या काळातले नेच्यांचे काचघर, फॅड तळ्याकाठची पायवाट, संत ब्लेन यांचे शांत देऊळ आणि माउंट स्ट्यूअर्ट एवढे पाहावयाचे तर दोन दिवस सहज जातात. एकोणिसाव्या शतकातील विख्यात नट एडमंड कीन यांनी लंडनच्या गजबजाटातून पळ काढून याच तळ्याकाठी घर बांधले होते, हे तेथून चालताना आठवते.

आणखी एक घटना सांगून हे भाषण पुरे करतो. डिसेंबर २०१५ मध्ये, सीरियातील यादवीमुळे देशोधडीला लागलेली काही कुटुंबे ब्रिटन सरकारच्या योजनेनुसार या बेटावर आणण्यात आली. त्या पाहुण्यांजवळ परतीचे तिकीट नव्हते. थंडी, वारा, पाऊस आणि परकी भाषा यांनी त्यांचे स्वागत केले. पण शेजाऱ्यांनीही केले. मुले गावातील शाळेत जाऊ लागली. काही कुटुंबे पुढे मोठ्या शहरांकडे गेली, काही येथेच राहिली, आणि एका कुटुंबाने भट्टी उघडून गावाला आपल्या देशाची मिठाई चाखावयास दिली.

ज्या टेकडीवरून रॉथसीच्या लोकांनी आपली माणसे परमुलखात जाताना पाहिली, तिच्याच पायथ्याशी परमुलखातील माणसांना घर मिळाले. दीडशे वर्षे या गावाने पाहुण्याला खोली देणे हाच आपला धंदा मानला होता. पाहुणे कमी झाले, धंदा खालावला. परंतु पाहुण्यासाठी आपण मागच्या खोलीत सरकून बसण्याची सवय गावात उरली होती. धंद्यातून लागलेली सवय धर्माच्या कामी आली, असे म्हणता येईल. गावाचे खरे आकर्षण कोणते, असे मला कोणी विचारले तर किल्ला, प्रासाद आणि बोट या सर्वांची नावे सांगून झाल्यावर मी अखेरीस या सवयीचे नाव घेईन.